रात्रीच्या वाजंत्रीचा परवाना



इतिहास शिकवणारा माणूस बोलायला बसला म्हणजे तो शिवकाल तरी काढणार, नाहीतर सत्तावनचे बंड तरी, अशी आपली समजूत असते. ती आज मी थोडी मोडणार आहे. माझा आजचा विषय म्हणजे कागदाचा एक तुकडा आहे : रात्री गाणे-बजावणे करण्याचा परवाना. तो कोण देतो, कोणाच्या सोयीसाठी देतो, आणि शेजाऱ्याने कुरकुर केली तर तो पुन्हा तपासून पाहण्याचा अधिकार कोणाला, ह्याचा हा इतिहास आहे.

विषय सुचला तो घरीच. वर्धा जिल्ह्यातल्या ज्या गावी मी राहतो तेथे आमच्या घरापासून दोन घरे सोडून एक मंगल कार्यालय आहे. धाकट्या मुलीची बारावीची परीक्षा चालू असताना एका रात्री तेथे लग्न होते. अकरा वाजून गेले तरी डीजे चालूच. खिडकीची तावदाने थरथरत होती आणि पोरगी कानांत कापसाचे बोळे घालून पुस्तकापुढे बसली होती. शेवटी मी चपला घालून ठाण्यावर गेलो. हवालदार मोठा सज्जन माणूस. म्हणाला, "सर, त्यायच्यापाशी परवाना हाय ना." मी म्हणालो, "तो दहापर्यंतचा असेल. आता अकरा वाजले." त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले, रजिस्टर पुढे ओढले आणि विचारले, "बरं, तुमचं नाव लिवू का?"

मी नाव लिहू दिले नाही. कार्यालयाचा मालक रोज सकाळी फिरायला जाताना भेटतो, आणि त्याचा मुलगा माझ्याच वर्गात बसतो. मुकाट्याने घरी आलो. ही कबुली आधीच देऊन टाकतो, म्हणजे पुढे मी जे काही शहाणपण सांगणार आहे त्याची किंमत आपणांस नीट करता येईल.

नंतर सहज वाचनात आले, की विलायतेत अशा वेळी एक निराळीच व्यवस्था आहे. तेथे मंगल कार्यालये नसली तरी नाइटक्लब आहेत. नाइटक्लब म्हणजे काय, हे आपल्यापैकी पुष्कळांना सिनेमातूनच ठाऊक असणार. आपल्या जिल्ह्यात १९७०च्या दशकापासून दारूबंदी आहे. ती कागदावर किती आणि गल्लीत किती, हा प्रश्न निराळा. पण दारू, नाच आणि मोठ्या आवाजाचे संगीत एका छपराखाली पहाटेपर्यंत विकणारे दुकान येथे उघडपणे निघण्याचा संभव नाही. विलायतेत ती दुकाने गल्लोगल्ली आहेत, आणि त्यांच्या शेजारी माणसे राहतात, तान्ही मुले झोपतात, म्हातारे खोकतात.

तेथील २००३ चा परवाना-कायदा २००५ च्या नोव्हेंबरात अमलात आला. तेव्हापासून दारूचा आणि गाण्याबजावण्याचा परवाना तेथील कौन्सिल, म्हणजे आपल्या भाषेत नगरपालिका, देते. कोणीही रहिवासी त्या परवान्याची फेरतपासणी मागू शकतो. अर्ज आला की क्लबाच्या दारावर सूचना लागते. लोकांना आपले म्हणणे मांडायला अठ्ठावीस दिवस मिळतात. मग निवडून आलेल्या सभासदांची एक लहानशी समिती, बहुधा तिघांची, बैठक घेते. एका बाजूला मालक आणि त्याचा वकील. दुसऱ्या बाजूला शेजारपाजारची माणसे, हातात वही घेऊन, की अमुक तारखेला रात्री अडीच वाजता भिंत हादरली, तमुक तारखेला तीन वाजता लोक रस्त्यावर ओरडत होते. समिती ऐकून घेते. मग ती अटी घालते, की ह्या वेळेनंतर संगीत नको, दार उघडे ठेवायचे नाही. फारच झाले तर परवाना तीन महिन्यांपर्यंत तहकूब करते, नाहीतर काढूनच घेते. निर्णय पटला नाही तर एकवीस दिवसांत मॅजिस्ट्रेटकडे अपील करता येते. आणि हे अपील मालकाला करता येते तसे शेजाऱ्यालाही.

हे ऐकून कोणाला वाटेल, की ती मंडळी पहिल्यापासूनच मोठी समंजस. तसे मुळीच नाही. ह्या परवान्याचे मूळ फारच कोत्या मनाचे आहे. १७५१ साली पार्लमेंटाने लंडन, वेस्टमिन्स्टर आणि भोवतालचा वीस मैलांचा टापू एवढ्यापुरता कायदा केला, की सार्वजनिक नाचगाण्याच्या जागेला परवाना हवा. कारण काय दिले? शेजाऱ्याची झोप त्यात कोठेच नाही. खालच्या वर्गातील लोक करमणुकीवर पैसे उधळतात आणि मग चोऱ्या-दरोड्यांकडे वळतात, ही भीती त्या कायद्याच्या मुळाशी होती. श्रीमंतांनी आपल्या वाड्यात पहाटेपर्यंत नाचावे, त्याला परवाना कशाला? मजुराने नाचायचे तर कागद हवा.

१८८९ साली लंडन कौंटी कौन्सिल स्थापन झाली आणि हे परवाने लोकांनी निवडलेल्या सभासदांच्या हाती आले. पाच वर्षांनी, १८९४ च्या ऑक्टोबरात, एका परवान्याची सुनावणी फार गाजली. लेस्टर स्क्वेअरमध्ये एम्पायर नावाचे नाट्यगृह होते. तेथे प्रेक्षागाराच्या मागे हिंडण्याफिरण्याचा एक सज्जा होता आणि त्यात काय काय चालते ह्याबद्दल श्रीमती ऑर्मिस्टन चॅण्ट ह्या बाईंनी समितीपुढे उभे राहून तक्रार मांडली. कौन्सिलने परवाना दिला, पण अटी घालून : सज्ज्यावर बंधन हवे, आणि प्रेक्षागारात दारू नको. मालकाने कापडाचे पडदे लावले. नोव्हेंबरात तरुणांच्या एका टोळक्याने ते टराटरा फाडले, आणि त्या दंग्यात एकोणीस वर्षांचा एक लष्करी विद्यार्थी भाषण ठोकत होता. त्याचे नाव विन्स्टन चर्चिल. पुढे म्हातारपणीही त्याला ह्या गोष्टीची लाज वाटलेली दिसत नाही.

तक्रार गोंगाटाची नव्हती, नीतीची होती, हे खरे. बाई बरोबर होत्या की चर्चिल, ह्यात मी पडत नाही. माझे लक्ष आहे ते खोलीच्या मांडणीवर. तक्रार करणारी एक सामान्य बाई, परवाना असलेला मोठा मालक, आणि ऐकणारे लोकांनी निवडलेले सभासद. तिघेही एका खोलीत, समोरासमोर.

आता आपल्याकडे वळू. आपल्याकडे ही खोली बांधली गेलीच नाही, आणि त्याला कारण आहे.

१८५७ च्या उठावाची राख अजून गरम होती तेव्हा, १८६१ साली, इंग्रज सरकारने पोलीस कायदा केला. त्याच्या तिसाव्या कलमात मिरवणुका आणि जमाव ह्यांचे नियम आहेत. त्यातच, सण-समारंभाच्या वेळी रस्त्यावर वाद्ये किती वाजू द्यायची हे ठरवण्याचा अधिकार पोलिसांना देऊन ठेवला आहे. तो कायदा मध्यप्रांतात, म्हणजे आपल्याकडे, लागू झाला. गंमत पाहा. कायदा झाला त्या वेळी वर्धा जिल्हा जन्मलाही नव्हता. तो १८६२ साली नागपुरातून वेगळा काढला. वर्धा शहर १८६६ साली पालकवाडी ह्या खेड्याच्या जागी वसले, आणि तेथील नगरपालिका १८७४ ची. म्हणजे वाजंत्रीचे कलम गावापेक्षा वडील, आणि गावाच्या नगरपालिकेपेक्षा तर तेरा वर्षांनी वडील. नगरपालिका आली तेव्हा दिवाबत्ती, गटारे, बाजार ही कामे तिच्या वाट्याला आली. ढोल मात्र पोलिसांकडेच राहिला.

कारण सरकारला ढोलाचा आवाज ऐकू येत होता तो दंग्याच्या कानाने. आवाजाने कोणाची झोप मोडते ह्याचे सरकारला सोयरसुतक नव्हते. डोकी फुटतील आणि बंदोबस्त लावावा लागेल, ही काळजी होती. १९२३ साली नागपुरात मशिदीपुढून टाळ-मृदंगासह जाणाऱ्या दिंडीवर जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांनी बंदी घातली, आणि तिच्याविरुद्ध जो लढा झाला तो दिंडी सत्याग्रह म्हणून ओळखला जातो. डॉ. मुंजे त्यात पुढे होते. दोन्ही समाजांची मने त्या काळात जी दुभंगली ती लवकर सांधली नाहीत. त्याच सुमारास संयुक्त प्रांतातील एका खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने निवाडा दिला, की सार्वजनिक रस्त्याने वाजतगाजत जाण्याचा हक्क लोकांना आहे, मात्र तो मॅजिस्ट्रेटच्या हुकमाच्या अधीन. ह्या सगळ्या कागदपत्रांत हिंदू आहेत, मुसलमान आहेत, मॅजिस्ट्रेट आहेत. त्या रस्त्यावर तापाने फणफणलेले एखादे मूल असेल, मग ते कोणाचेही असो, त्याचा उल्लेख नाही.

शेजारी आपल्या कायद्यात स्पष्टपणे आला तो स्वातंत्र्यानंतर. १९५१ चा मुंबई पोलीस कायदा (आता त्याला महाराष्ट्र पोलीस अधिनियम म्हणतात) पुढे विदर्भालाही लागू झाला. त्याचे अडतिसावे कलम शिक्षकबंधूंनी जरूर वाचावे. गाणे, वाद्ये किंवा धंद्याचा गोंगाट ह्यांमुळे लोकांना, अथवा जवळपास राहणाऱ्या कोणाही माणसाला, त्रास होत असेल तर तो थांबवण्याचा किंवा त्यावर बंधन घालण्याचा हुकूम पोलिसांच्या वरिष्ठ अधिकाऱ्याला काढता येतो. "जवळपास राहणारा माणूस" कायद्यात आला, ही साधी गोष्ट नाही. पण पुढे वाचत गेले म्हणजे मौज दिसते. त्या हुकमाविरुद्ध ज्याची तक्रार असेल, म्हणजे ज्याचे वाद्य बंद झाले असेल, त्याला अर्ज करून हजर राहण्याची आणि आपली बाजू मांडण्याची संधी ठेवलेली आहे. झोपमोड झालेल्या माणसासाठी तशी खुर्ची मांडलेली नाही. त्याने ठाण्यावर जायचे आणि, "तुमचं नाव लिवू का?" ह्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे.

ह्याच कायद्याखाली मुंबईसाठी १९६० साली करमणुकीच्या जागांचे नियम झाले. त्यांचे नाव लांबलचक आहे. त्यात कॅबरे, मेळे आणि तमाशे एकाच दावणीला बांधलेले आहेत. पुढे त्यांतच डिस्कोथेक येऊन बसले. फडावरची लावणी आणि पंचतारांकित हॉटेलातला नाच ह्यांना एकच नियमावली, आणि परवाना देणारे पोलीस. मुंबईत रात्रीचे नाच-संगीत काही नवे नव्हते. ताजमहाल हॉटेलात १९३० नंतरच्या काळात जाझ वाजत होते आणि गोव्याचे कितीतरी गुणी वादक त्यावर पोट भरीत होते. १९५० साली पुरी दारूबंदी आली तेव्हा त्यातल्या बऱ्याच जागांना उतरती कळा लागली. त्यांच्यावर घाव पडला तो दारूमुळे. शेजाऱ्याचे येथेही कोणी विचारले नव्हते.

येथे थोडे थांबून दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर मी नुसता शांतताप्रिय मास्तर ठरेन. आमच्या विदर्भात खडी गंमत रात्रभर चाले, दंडार रात्रभर चाले, आणि पूर्वेकडच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर सुरू होणारी नाटके आजही उजाडेपर्यंत रंगतात. गावेच्या गावे बैलबंड्या जोडून, हल्ली ट्रॅक्टर जोडून, येतात. दहाला पडदा पाडा म्हटले तर तेथे नांदीही व्हायची नाही. पण त्या गंमतीची ढोलकी गावाच्या वेशीबाहेर ऐकू आली तरी शिवारात विरून जायची. माणसाच्या हाताला आणि गळ्याला मर्यादा असते. ती मर्यादा मोडली ती ध्वनिक्षेपकाने. 'शिकागो रेडिओ' अशी पाटी असलेल्या मायक्रोफोनपुढे उभे असलेले गांधीजी आणि नेहरू आपण चित्रांत पाहिले आहेत. ज्या यंत्राने लाखोंच्या सभेत स्वातंत्र्याचा शब्द शेवटच्या माणसापर्यंत नेला तेच यंत्र लग्नाच्या मांडवात आले. आम्ही आकाशवाणीवरून बोलणारेही ह्या बाबतीत अगदी निर्दोष नाही. एकेकाळी चावडीवरचा रेडिओ कर्णा लावून साऱ्या गावाला ऐकवीत, ऐकायचे असो वा नसो.

मुंबईत १९८५ च्या सुमारास डॉ. यशवंत ओक आणि त्यांचे सहकारी गोंगाटाविरुद्ध हायकोर्टात गेले. पुढे श्रीमती सुमेरा अब्दुलअली हातात आवाजमापक घेऊन मिरवणुकांच्या कडेला उभ्या राहू लागल्या. पाहा, तक्रारदार नगरपालिकेकडे गेला नाही, तो थेट न्यायाधीशांकडे गेला, कारण मधली खोली नव्हतीच. केंद्र सरकारने २००० सालच्या फेब्रुवारीत ध्वनिप्रदूषणाचे नियम लागू केले. रात्र म्हणजे दहा ते सहा. वस्तीच्या भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५. दवाखाना, शाळा, कोर्ट ह्यांच्याभोवती शंभर मीटरचा शांतता टापू जाहीर झाला की तेथे दिवसा ५० आणि रात्री ४०. डेसिबलचे गणित आपल्या शेर-पायलीसारखे सरळ नाही, म्हणून मुलांना शिकवताना एवढे सांगावे : दहा डेसिबल वाढले की आवाजातील शक्ती दसपट होते. आपले साधे बोलणे साठाच्या आसपास असते. आणि वरातीचा डीजे शंभराच्या वर जातो.

सर्वोच्च न्यायालयाचा मोठा निवाडा आला १८ जुलै २००५ रोजी, मुख्य न्यायमूर्ती लाहोटी आणि न्यायमूर्ती अशोक भान ह्यांचा. तो ज्या अर्जावर आला त्याची हकीगत मी वर्गात सांगताना नेहमी अडखळतो. एका इंजिनियराने वर्तमानपत्रात बातमी वाचली. तेरा वर्षांच्या एका मुलीवर अत्याचार झाला. ती ओरडत होती. शेजारी कर्ण्यावर गाणी इतक्या मोठ्याने चालली होती, की तिचे ओरडणे कोणाला ऐकूच गेले नाही. मुलीने नंतर स्वतःला जाळून घेतले आणि ती गेली. तो गृहस्थ तिच्या नात्याचा नव्हता, ओळखीचाही नव्हता. तरी तो कोर्टात गेला. न्यायालयाने सांगितले, की जगण्याच्या हक्कात शांतपणे जगणेही येते, आणि बोलण्याच्या स्वातंत्र्यात दुसऱ्याला जबरदस्तीने ऐकवण्याचा हक्क येत नाही. रात्री दहानंतर कर्णे बंद. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात, वर्षातून पंधरा दिवसांपर्यंत सण-उत्सवांना मध्यरात्रीपर्यंत सूट देण्याचा राज्यांचा अधिकार न्यायालयाने मान्य केला. झाडीपट्टीचे नाटक मात्र मध्यरात्रीला नुकतेच दुसऱ्या अंकात आलेले असते. त्याचे काय, हे कोणी विचारलेले नाही.

२००५ सालीच महाराष्ट्रात परवान्याचे दुसरेही नाटक चालू होते. सरकारने पोलीस कायद्यात दुरुस्ती करून डान्सबारमधला नाच बंद केला. लोकांच्या तक्रारी आहेत, हे त्यासाठी दिलेल्या कारणांपैकी एक. पण एकेका बारची तक्रार ऐकून त्याचा त्याचा परवाना तपासला, असे झाले नाही. एका फटक्यात सगळे बंद, आणि मोठ्या तारांकित हॉटेलांना मोकळीक. हजारो बायकांची कमाई गेली. हायकोर्टाने २००६ साली ती बंदी रद्द केली, सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली तोच निकाल कायम केला. सरकारने पुन्हा कायदे केले, आणि २०१९ च्या जानेवारीत न्यायालयाने त्यांतल्या बऱ्याच अटी उडवल्या. सायंकाळी सहा ते रात्री साडेअकरा ही वेळेची अट मात्र ठेवली. चौदा वर्षे भांडून शेवटी जे उरले ते एक घड्याळ. माझ्या मते हेच घड्याळ पहिल्याच वर्षी, शेजाऱ्यांना आणि त्या बायकांना दोघांनाही समोर बसवून, लावता आले असते. १७५१ च्या लंडनमधला कोतेपणा येथे पुन्हा डोकावला असे मला वाटते : गरिबाच्या नाचाला बंदी, श्रीमंताच्या नाचाला परवाना.

गोव्याचे उदाहरण ह्याच्या उलट आहे. तेथे धंद्याचा परवाना गावची पंचायत देते, म्हणजे खोली तर आहे. पण हणजुण, वागातोर भागातल्या रहिवाशांना रात्रीच्या संगीताबद्दल हायकोर्टाची पायरी चढावी लागलीच. आणि ६ डिसेंबर २०२५ च्या रात्री हडफड्याच्या एका नाइटक्लबात आग लागून २५ माणसे मेली. त्या बांधकामाच्या तक्रारी पंचायतीपर्यंत आधी पोचलेल्या होत्या. तेव्हा नुसती खोली असून भागत नाही. आत बसणाऱ्याने ऐकले पाहिजे, आणि जे ठरले ते वरच्या कचेरीत अडकून राहता कामा नये.

हायकोर्टाने महाराष्ट्रात २०१६ साली डॉ. महेश बेडेकर ह्यांच्या अर्जावर मोठा निकाल दिला, पोलिसांना आवाजमापक घ्यायला लावले, आणि शहरांच्या आवाजाची मोजणी करायला सांगितले. हे मोजणीचे काम आपल्या नागपूरच्या नीरी संस्थेने केले. २०२५ च्या जानेवारीत कुर्ल्याच्या नेहरूनगरातील रहिवाशांच्या अर्जावर हायकोर्टाने आणखी एक गोष्ट बजावली, आणि ती ऐकून मला माझी ती अकरा वाजताची फेरी आठवली. तक्रारदाराचे नाव विचारत बसू नका, ते उघड करू नका, आधी कारवाई करा. निकाल वाचला त्या दिवशी मी तो छापून काढून घडी करून खिशात ठेवला.

आता आपण विचाराल, की आपल्याकडे गावाने बसून परवाना तपासावा, असे कोठेच नाही का? आहे. ते आवाजाचे नाही, दारूचे आहे. महाराष्ट्रात २००८ च्या सरकारी आदेशाप्रमाणे गावातल्या पंचवीस टक्के स्त्री-मतदारांनी मागणी केली तर दारूच्या दुकानासाठी मतदान होते. चिठ्ठीवर एक उभी बाटली आणि एक आडवी बाटली. एकूण स्त्री-मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडव्या बाटलीला मत दिले की दुकान बंद. मत गुप्त असते. कोणी म्हणत नाही, की बाई, तुमचं नाव लिहू का. राज्यात कितीतरी गावांत ह्या आडव्या बाटलीने परवाने गेले आहेत, आणि कितीतरी गावांत निम्म्याची अट थोडक्यात हुकल्यामुळे दुकाने राहिलीही आहेत. मतदानाला न आलेली प्रत्येक बाई दुकानाच्याच बाजूने धरली जाते, हा त्यातला दोष मला मोठा वाटतो. पण लंडनच्या समितीशी नाते सांगेल असे आपल्या मातीत काही उगवले असेल तर ते हेच.

ध्वनिक्षेपकाच्या बाबतीत मात्र नियमांनी अधिकार ठेवला आहे तो जिल्हा दंडाधिकारी, पोलीस आयुक्त, किंवा उपअधीक्षकाच्या दर्जाखाली नसलेला नेमलेला अधिकारी ह्यांच्याकडे. ग्रामपंचायत ठराव करू शकते. ग्रामसभेत ठरवून वरातीचा डीजे बंद करणारी गावेही आहेत. पण तो ठराव मोडला तर पंचायतीच्या हातात फारसे काही नाही. पर्यावरणाच्या कायद्याखाली पूर्वी तुरुंगाची शिक्षा होती. १ एप्रिल २०२४ पासून तिच्या जागी दंड आला, दहा हजारांपासून पंधरा लाखांपर्यंत. मांडवाच्या खर्चात दहा हजारांचा दंड कोणी आधीच धरून ठेवला तर मला नवल वाटणार नाही.

राहता राहिली आमच्या गल्लीतली गोष्ट. मुलीची परीक्षा झाली, ती बरी गेली. पुढच्या वर्षी लग्नसराई सुरू होण्याआधी गल्लीतली आम्ही सात-आठ घरे मिळून कार्यालयाच्या मालकाकडे गेलो. खिशातली घडी मी बाहेर काढलीच नाही. समोरच्या घरातल्या आजीबाईच बोलल्या. त्यांना हृदयविकार आहे आणि त्या डीजे सुरू झाला की मागच्या खोलीत जाऊन पलंगावर बसून राहतात, हे त्यांनी त्याला सांगितले. मालक गप्प झाला. म्हणाला, "आजी, हे मले कोनी सांगतलंच नाही." तेव्हापासून कार्यालयातले संगीत दहाला बंद होते, एखाद्या दिवशी सव्वादहा होतात. वरातीचा डीजे मात्र रस्त्यावर असतो, तो त्याच्या परवान्यात येत नाही, आणि तो ज्याचा असतो तो दर वेळी दुसऱ्याच गावचा असतो.